वीस कॉम्प्युटर, वीस मेन्यू: शाळेच्या लॅबचं काम घेण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कामाबद्दल बोललो. त्यात मी बोलता बोलता म्हणून गेलो की शाळेची लॅब हे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आहे आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारंही तेच आहे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, डोकं खाणारं म्हणजे नक्की काय? व्हायरस? पोरं माऊस तोडतात? लाईट जाते?

ते सगळं असतंच. पण माझं पहिलं शाळेचं काम यातल्या एकाही कारणानं धोक्यात आलं नव्हतं. ते धोक्यात आलं मेन्यूमुळे. स्टार्ट दाबल्यावर जी यादी उघडते तिच्यामुळे, आणि डेस्कटॉपवरच्या आयकॉनमुळे. ऐकायला फालतू वाटतं. मलाही वाटलं होतं.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. तालुक्यापासून २२ किलोमीटरवरच्या एका शाळेची लॅब मिळाली. मुलांचे २० कॉम्प्युटर आणि मॅडमचा १. मी आणि माझ्याकडचा पोरगा, आम्ही दोघांनी शनिवार-रविवार लावून सगळी मशीनं फॉरमॅट केली, सॉफ्टवेअर टाकली, प्रिंटर जोडला. सोमवारी फोटो काढून स्टेटसला ठेवला. मोठं काम केलं असं वाटत होतं.

बुधवारी मॅडमचा फोन. "दादा, तुम्ही एकदा माझ्या तासाला येऊन बसाल का?"

गेलो. आठवीचा तास, ३५ मिनिटांचा. मॅडम म्हणाल्या, "स्टार्ट दाबा, खाली या, पेंट उघडा." पाच-सहा हात वर. "मॅडम, माझ्याकडं नाहीये." "मॅडम, माझ्याकडं दुसरंच आलं." मॅडम एकेकाकडे जाऊन दाखवतात, तोवर बाकीची पोरं कंटाळून आयकॉन इकडेतिकडे ओढायला लागतात. मी मोबाईलवर वेळ लावली होती. सगळ्या २० स्क्रीनवर एकच गोष्ट उघडायला १४ मिनिटं गेली. उरलेल्या वेळात मुलांनी काय शिकायचं? आणि एका मशीनवर दोन-दोन मुलं बसतात हे लक्षात घ्या.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. शेवटच्या रांगेतली एक मुलगी हात वर न करता गप्प बसली होती. तिच्या स्क्रीनवर आयकॉन नव्हता आणि आपलंच काहीतरी चुकलंय असं तिला वाटत होतं. कॉम्प्युटर तिनं घरी कधी पाहिलेला नव्हता. चूक तिची नव्हती, माझी होती.

महिनाभरात मी पाच फेऱ्या मारल्या. गेलो की सगळं सारखं करून यायचो, आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. शेवटी मोठ्या सरांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही मेहनत करता, पण आमचं काम होत नाही. बिलाचा दुसरा हप्ता थोडा थांबवतो." सभ्य भाषेत याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला कळलं असेल.

चूक कुठे होती

मी बीबीए केलेला माणूस, कॉम्प्युटरचं जे शिकलो ते दुकानात बसून. तोपर्यंत मला वाटायचं की सॉफ्टवेअर टाकलं की मेन्यूत दिसतं, विषय संपला. त्या महिन्यात मी पहिल्यांदा शोधलं की मेन्यू येतो कुठून.

विंडोजमध्ये तो एका जागेवरून येत नाही. स्टार्टमधली प्रोग्रॅमची यादी दोन फोल्डर एकत्र करून बनते. एक फोल्डर सगळ्यांसाठीचं, ते सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या आत असतं. दुसरं त्या त्या युजरचं, त्याच्या ॲपडेटाच्या आत. डेस्कटॉपचंही तसंच. युजर्सच्या आत पब्लिक नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या डेस्कटॉपमध्ये ठेवलेला आयकॉन त्या मशीनवर कोणीही लॉगिन केलं तरी दिसतो. युजरच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवलेला फक्त त्यालाच. शाळेच्या भाषेत सांगायचं तर एक व्हरांड्यातला फळा आणि एक पोराची स्वतःची वही. आपल्याला स्क्रीनवर दिसतं ते दोन्ही मिळून. आणि स्टार्टमध्ये पिन केलेले चौकोन असतात त्यांचा हिशोब तिसराच, तो प्रत्येक युजरचा वेगळा.

आता आम्ही काय केलं होतं बघा. दहा मशीनं मी केली, दहा त्या पोरानं. बरेच इन्स्टॉलर मध्येच विचारतात, फक्त माझ्यासाठी की या कॉम्प्युटरच्या सगळ्या युजरसाठी? मी दुसरं निवडत होतो. तो नेक्स्ट, नेक्स्ट करत पहिलं. त्यामुळे त्याच्या दहा मशीनवर ॲडमिनच्या खात्यात सगळं दिसायचं आणि मुलांच्या खात्यात गायब. वर काही मशीनवर ३२ बिटचं विंडोज होतं, काहींवर ६४ बिटचं. तेच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसलेलं. म्हणून मी पेनड्राइव्हवरून आयकॉन कॉपी केले तर निम्म्या ठिकाणी ते मेलेले. आयकॉन म्हणजे फक्त पत्ता असतो. घरच दुसऱ्या गल्लीत असेल तर पत्त्याचा काय उपयोग?

आणि सगळ्यात मोठी घोडचूक म्हणजे मुलांचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर ठेवलेलं. पासवर्ड नाही. का? तर "उगाच अडचण नको." पोरं सगळ्यांचा फळाच पुसू शकत होती. त्यांनी पुसलाही.

तर पहिलं काम हे, आणि याला एक रुपया लागत नाही. ॲडमिनचं खातं वेगळं, पासवर्ड एका बंद पाकिटात मोठ्या सरांकडे. मुलांचं खातं स्टँडर्ड प्रकारचं. सगळी सॉफ्टवेअर सर्व युजरसाठी, एकाच क्रमानं, एकाच फोल्डरमध्ये. शक्य असेल तर सगळीकडे ६४ बिट. एवढं केलं तरी निम्मी कटकट संपते. उरलेल्या निम्म्यासाठी मी पुढचे दोन महिने झगडत होतो.

घाईत सापडलेला उपाय, आणि त्यातून झालेला घोळ

बाजारात एक प्रकारचं सॉफ्टवेअर मिळतं. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं मूळ स्थितीत येतं. पोरांनी काहीही करू दे, सकाळी मेन्यू जसाच्या तसा. सायबर कॅफेवाले हे वापरायचे. मला वाटलं, सुटलो! एका रविवारी सगळीकडे टाकलं. आठवडाभर फोन नाही.

मग फोन आला, पण मॅडमचा नाही, मोठ्या सरांचा. नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रेझेंटेशन केली होती. चार गटांची. डेस्कटॉपवर सेव्ह केलेली. लाईट गेली, आली, मशीनं चालू झाली, प्रेझेंटेशन गायब. परत मिळायचा मार्गच नव्हता, कारण ते सॉफ्टवेअर त्यासाठीच बनलेलं आहे.

मी शाळेत गेलो आणि मुलांसमोर सांगितलं की चूक माझी आहे. दोन दिवस दुकान त्या पोराच्या भरवशावर टाकून लॅबमध्ये बसलो आणि मुलांसोबत पुन्हा बनवून दिली. प्रदर्शनाला वेळेत गेली ती. मोठे सर तेव्हा काही बोलले नाहीत, पण मला वाटतं काम टिकलं ते त्या दोन दिवसांमुळे.

अशी सॉफ्टवेअर वाईट नाहीत. पण मुलांची कामं ठेवायला वेगळी, न पुसली जाणारी जागा आधी करायची, मुलांना आणि मॅडमना ती दाखवायची, आणि मगच बाकीचं गोठवायचं. मी क्रम उलटा केला होता.

सर्व्हर नाही, डोमेन नाही, मग काय?

इंटरनेटवर या विषयावर शोधलं की सगळे सांगतात, ॲक्टिव्ह डिरेक्टरी लावा, ग्रुप पॉलिसी वापरा. बरोबर आहे. डोमेन असेल तर सर्व्हरवर एकदा ठरवायचं की या गटाला हे आयकॉन, आणि मशीनं ते स्वतःहून उचलतात. लॉगिनच्या वेळी, शिवाय साधारण ९० मिनिटांनी एकदा. पन्नास-शंभर मशीनची मोठी शाळा किंवा कॉलेज असेल तर हाच रस्ता. तिथे मँडेटरी प्रोफाइल हाही प्रकार आहे: युजरच्या प्रोफाइलमधली एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल डॉट मॅन नावाची केली की त्या खात्यात काहीही बदललं तरी लॉगआउट होताना ते फेकून दिलं जातं.

पण माझ्या शाळेत सर्व्हर नव्हता, घ्यायची तयारीही नव्हती. आणि आणखी एक गंमत होती. २० पैकी १३ मशीनवर विंडोज होम निघालं. होम एडिशन डोमेनला जोडता येत नाही आणि त्यात ग्रुप पॉलिसीचा एडिटरही मिळत नाही. हे मी कोटेशन देताना बघितलंच नव्हतं! सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे एका मिनिटात दिसतं. आता मी सर्व्हेला गेलो की पहिला फोटो त्याच स्क्रीनचा काढतो. (इथे कोणीतरी म्हणेल, "सर, क्रॅकवालं प्रो टाका की." नाही. शाळेत तर अजिबात नाही. उद्या कुणी विचारलं तर बिलावर सही तुमची असते.)

मग मी जे केलं ते साधं आहे आणि होमवरही चालतं. मॅडमच्या मशीनवर एक फोल्डर केलं, त्यात मुलांना दिसायला हवेत तेवढेच आयकॉन. ते फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं, फक्त वाचण्यापुरतं. मुलांच्या प्रत्येक मशीनवर टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावलं: चालू झाल्यावर त्या फोल्डरची हुबेहूब नक्कल पब्लिक डेस्कटॉपवर कर. त्यासाठी विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाचं साधन असतं, वेगळं घ्यावं लागत नाही. त्याला मिररचा पर्याय दिला की नवीन असेल ते येतं, जास्तीचं असेल ते उडतं.

इथे तीन ठिकाणी मी अडकलो, तुम्ही अडकू नका. पहिलं, डोमेन नसताना ते काम सिस्टिमच्या नावानं चालवलं तर शेअर उघडत नाही. त्यासाठी मॅडमच्या मशीनवर आणि प्रत्येक मुलाच्या मशीनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं एक खातं करायचं, त्याला स्थानिक मशीनवर हक्क द्यायचे आणि काम त्याच्या नावानं चालवायचं. दुसरं, साध्या विंडोजला एका वेळी बाहेरून २० जोडण्याच चालतात. माझी मशीनं बरोबर २०, म्हणजे अगदी काठावर. सकाळी मामा मेन स्विच टाकतात आणि सगळी मशीनं एकदम जागी होतात. म्हणून प्रत्येक रांगेचं काम दोन-दोन मिनिटं मागेपुढे लावलं. तिसरं आणि सगळ्यात धोक्याचं: मिरर पर्याय आंधळा असतो. मूळ फोल्डर चुकून रिकामं झालं तर २० मशीनचे डेस्कटॉप रिकामे होतात. आणि पत्ता चुकीचा टाकला तर भलतंच फोल्डर पुसतं. आधी एका मशीनवर, तेही ज्यात काही नाही अशावर, करून बघा.

मुद्दाम एक गोष्ट इथे सांगतो. मेन्यू नेटवर्कवरून थेट दाखवायचीही सोय असते. मला ती आवडत नाही. स्विच बंद पडला, मॅडमचं मशीन चालू केलं नाही, की लॅबमध्ये कुणाकडेच काही नाही. नक्कल मशीनवर ठेवली की नेटवर्क नसलं तर फार फार तर कालचा मेन्यू दिसतो. तास अडत नाही.

पिन केलेल्या चौकोनांचं काय? विंडोज १० मध्ये एका मशीनवर स्टार्ट हवा तसा लावून पॉवरशेलमधून त्याची मांडणी एक्सएमएल फाइलमध्ये काढता येते आणि पॉलिसीनं बाकीच्यांना देता येते. विंडोज ११ मध्ये ती फाइल जेसन प्रकारची झाली आणि जुनी चालत नाही. मी शाळेत या भानगडीत पडत नाही. मुलांना डेस्कटॉपवरचे आयकॉन पुरतात.

आयकॉन किती आणि कोण ठरवणार?

खरं सांगू का, तांत्रिक भाग दोन दिवसांचा आहे. अवघड भाग हा आहे. मी मॅडमना विचारलं, मुलांना काय काय दिसायला हवं? त्या म्हणाल्या, सगळं. मोठे सर म्हणाले, जेवढं कमी तेवढं बरं. गणिताच्या सरांना जिओजेब्रा हवं होतं, जे कुणी मला सांगितलंच नव्हतं.

मग एक कागद केला. डावीकडे सॉफ्टवेअरचं नाव, पुढे इयत्ता, पुढे कोणत्या महिन्यात लागतं. सगळ्या शिक्षकांत फिरवला. शेवटी ११ नावं उरली. त्याखाली मोठ्या सरांची सही. आज मी कुठल्याही शाळेला कोटेशनसोबत हा कोरा कागद देतो आणि तो भरून आल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. यात बदल हवा असेल तर मॅडमनी लेखी किंवा व्हॉट्सॲपवर सांगायचं, आणि तो सगळ्या मशीनवर एकदमच होणार. एका मुलाच्या मशीनवर वेगळं काही नाही. हा नियम लावल्यापासून "दादा, त्या कोपऱ्यातल्या मशीनवर जरा ते टाका ना" हे फोन बंद झाले.

आयकॉनचा क्रमही ठरवला. नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे घातले. मॅडम आता "पेंट उघडा" म्हणत नाहीत, "चार नंबर उघडा" म्हणतात. इंग्रजी वाचायला अडखळणारी पोरंही एका सेकंदात उघडतात. मी मराठी नावं घालणार होतो, "चित्र काढा" वगैरे. मॅडमनी अडवलं. म्हणाल्या, उद्या ही पोरं एमएस-सीआयटीला बसतील, बाहेर कुठे जातील, तिथे हीच इंग्रजी नावं असतील, ती डोळ्यांखालून जाऊ द्या. पटलं. आकडा आधी, खरं नाव नंतर.

लिनक्सवाल्या शाळा

दोन वर्षांपूर्वी दुसरी एक शाळा आली. मशीनं जुनी, ४ जीबी रॅम, बजेट नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेलंच होतं आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. या मशीनवर ते बसणारच नव्हतं. मित्रांनो, तुमच्या आसपासच्या शाळांमध्ये अशी मशीनं भरपूर आहेत. चांगली चालणारी, पण विंडोजच्या दाराबाहेर उभी. यात धंदा आहे.

मी लिनक्स टाकायचं ठरवलं तेव्हा मोठ्या मॅडम घाबरल्या. त्यांना मी केरळचं उदाहरण दिलं. तिथे २००१ साली आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे २०१७ मध्ये त्याची काइट नावाची सरकारी कंपनी झाली. तिथल्या सरकारी शाळांच्या लॅब अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि त्यांची स्वतःची, शाळेसाठी सजवलेली ऑपरेटिंग सिस्टिम आहे. पुस्तकात जे सॉफ्टवेअर आहे तेच लॅबच्या मशीनवर आधीच बसलेलं. म्हणजे शिक्षकाला बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी मेन्यू ओळखीचा. नॉर्वेतही २००१ मध्येच शाळांसाठी स्कोलेलिनक्स सुरू झालं, ते पुढे डेबियनचा भाग झालं. आपण काही जगावेगळं करत नव्हतो.

मेन्यूच्या बाबतीत तर लिनक्स मला जास्त सरळ वाटतं. प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी मजकुराची फाइल असते, नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप. ती नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते. आत नाव, आयकॉन, कोणती आज्ञा चालवायची, आणि कॅटेगरी. कॅटेगरीत एज्युकेशन लिहिलं की तो शिक्षणाच्या रकान्यात जातो. नोडिस्प्ले ट्रू अशी ओळ घातली की प्रोग्रॅम राहतो पण मेन्यूतून दिसेनासा होतो. मराठी नावासाठीही वेगळी ओळ लिहिता येते. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली तर मराठी दिसतं, इंग्रजी ठेवली तर इंग्रजी. माझ्या मॅडमचा आणि माझा वाद इथे झालाच नसता.

एक काळजी घ्या. या फाइल यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये असतात. नवखा माणूस तिथेच जाऊन बदल करतो. पुढच्या अपडेटला पॅकेज आपली मूळ फाइल परत टाकतं आणि बदल गेला. त्याऐवजी यूएसआर, लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स इथे त्याच नावाची आपली फाइल ठेवायची. सिस्टिम आधी ती बघते, आणि अपडेट तिला हात लावत नाही. सगळ्या मशीनवर पोचवायचं काम वरच्यासारखंच, फक्त रोबोकॉपीच्या जागी आरसिंक.

लिनक्समध्ये अजून एक प्रकार आहे, एलटीएसपी. सगळी मशीनं नेटवर्कवरून एकाच सर्व्हरची प्रत चालवतात, म्हणजे मेन्यू वेगळा असण्याचा प्रश्नच उरत नाही. ऐकायला फार भारी. पण सर्व्हर बसला की अख्खी लॅब बसते. त्या सर्व्हरला चांगला यूपीएस आणि गावात तासाभरात पोचू शकणारा माणूस, हे दोन्ही असेल तरच करा. माझ्याकडून ते २२ किलोमीटरवर होणार नव्हतं.

ऑफिसचं मशीन मात्र मी विंडोजवरच ठेवलं. क्लार्क भाऊंच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि पत्रं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. तिथे हौस करायला गेलात तर पूर्ण शाळा तुमच्या विरोधात जाईल.

पैशाचं बोलू

सुरुवातीला मी दर मशीनमागे दर लावायचो, आणि फेरीचा खर्च माझ्याच खिशातून. महिन्याला पाच फेऱ्या म्हणजे २२० किलोमीटर पेट्रोल आणि पाच अर्धे दिवस दुकान वाऱ्यावर. आता दोन भाग करतो. पहिला, एकदाच घ्यायचा बसवणीचा आकार: खाती, सॉफ्टवेअर, आयकॉनचा कागद, नक्कल करायची व्यवस्था, मुलांच्या फाइलसाठी जागा. दुसरा, वर्षाची देखभाल, त्यात ठरलेल्या फेऱ्या आणि मेन्यूतले ठरलेले बदल. त्यापेक्षा जास्त झालं तर वेगळं बिल. शाळा यावर कुरकुर करत नाहीत. पुढे काय मिळणार ते लिहिलेलं असलं की त्यांनाही कमिटीपुढे मांडायला सोपं जातं.

एका मशीनची तयार प्रत बनवून क्लोनझिलानं बाकीच्यांवर टाकली तर वेळ फार वाचतो, पण विंडोज असेल तर दोन गोष्टी: क्लोनच्या आधी सिसप्रेप चालवा, नाहीतर सगळ्या मशीनची ओळख एकच होते, आणि मशीनसोबत आलेल्या ओईएम लायसन्सवर असं क्लोन करायचा हक्क मिळत नाही, त्यासाठी शाळेकडे व्हॉल्यूम लायसन्स लागतं. लिनक्सला हा प्रश्न नाही. आणि पहिल्या दिवसापासून मशीनवर मार्करनं आकडे टाका, १ ते २०. फोनवर "ते खिडकीजवळचं" यातून किती वेळ जातो ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

त्या पहिल्या शाळेचं काम अजून माझ्याकडेच आहे. थांबलेला हप्ता मार्चमध्ये मिळाला. आठवीच्या मॅडमची बदली झाली, नवीन मॅडम आल्या. मागच्या शुक्रवारी दुपारी त्यांचा मेसेज आला: सातवीला स्क्रॅच शिकवायचंय, सोमवारपासून हवंय. ते प्रत्येक मशीनवर आधीच बसलेलं होतं, फक्त आयकॉन नव्हता. मी दुकानातूनच त्यांना फोनवर सांगितलं, अमुक फोल्डरमध्ये हा आयकॉन टाका, नावाआधी १२ लिहा. सोमवारी सकाळी फोटो आला. १९ स्क्रीनवर बारा नंबर दिसत होता. राहिलेल्या सात नंबरच्या मशीनची लॅनची वायर उंदरानं कुरतडली होती. मामांनी ती बाजूला काढून ठेवलीये, गुरुवारी जाऊन बदलतो.